बेस्टचा संप: सुजाण प्रवाशाने कसं वागावं

सगळ्यात आधी चिडा. मुंबईत महापालिकेच्या बेस्टची बस आली नाही तर चिडायलाच पाहिजे, फक्त कोणावर ते आधी ठरवून घ्या, मागाहून गोंधळ नको. थांब्यावर उभं राहून "सामान्य माणसाला वेठीस धरलंय नुसतं" हे एकदा तरी मोठ्याने म्हणा, शेजारचा मान डोलावतोच. आणि तो जर विचारायला लागला की बाबा ड्रायव्हरला हातात पगार किती येतो, तर हा नक्की युनियनवाला, दोन पावलं लांब सरका.

अभ्यासासाठी २०१९ चा जानेवारी घ्या. ७ तारखेच्या मध्यरात्री गाड्या डेपोत गेल्या त्या ९ दिवस बाहेर आल्या नाहीत. तीस हजारांच्या वर कर्मचारी, रोजचे पंचवीस लाखांच्या आसपास प्रवासी, आणि मागण्या काय तर बेस्टचं तोट्यातलं वेगळं 'क' बजेट महापालिकेच्या मुख्य 'अ' बजेटमध्ये विलीन करा, २००७ नंतर लागलेल्यांना कमी बेसिकवर राबवताय ते सुधारा, असलं काहीतरी रटाळ. हे वाचू नका. वाचलं की उगाच डोक्यात येतं की बेस्ट जर महापालिकेचीच आहे तर तोटा तेवढा तिचा एकटीचा कसा, आणि असे विचार घेऊन माणूस ऑफिसला वेळेवर पोचत नाही. त्यापेक्षा "बोनस पाहिजे यांना" एवढं म्हटलं की विषय संपतो.

मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा, लागला की समाधान व्यक्त करा. कर्मचारी वसाहतीत घरं खाली करायच्या नोटिसा गेल्या आणि घरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, तर टीव्हीसमोर चहा घेत "असंच पाहिजे" म्हणा. शेवटी हायकोर्टाने मध्ये पडून निवृत्त न्यायमूर्ती मध्यस्थ नेमले तेव्हा कुठे संप मिटला, म्हणजे ज्यांनी ९ दिवस आधी बोलायला बसायचं होतं ते कोर्टाने सांगितल्यावर बसले. पण हे तुमच्या कामाचं नाही, सोडा.

तोवर प्रवासाचं काय? टॅक्सी आहे की. सायन-वांद्र्याच्या अलीकडे शहरात रिक्षा येत नाही, त्यामुळे शेअर टॅक्सीत चौथा, जमलं तर पाचवा म्हणून कोंबून घ्या. मोबाईलवरची टॅक्सी त्या दिवशी दुप्पट तिप्पट भाडं दाखवते, तिथे मात्र आवाज चढवायचा नाही बरं का. आपली गरज बघून कंपनीने भाव वाढवला तर ती मागणी आणि पुरवठा, ड्रायव्हरने आपली किंमत वाढवून मागितली तर ते वेठीस धरणं. एवढा फरक कळला की तुम्ही पक्के मुंबईकर.

आता रामबाण उपाय बघा. कर्मचारी संप करतात ना, मग कर्मचारीच ठेवायचे नाहीत! याला वेट लीज म्हणतात. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, देखभाल त्याचीच, बेस्टने फक्त किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे आणि बसवर आपलं नाव रंगवून घ्यायचं. २०१९ च्याच जुलैत कमीत कमी भाडं ८ वरून ५ रुपये झालं, एसी ६ रुपयांत, आपण सगळे खूश, गारगार हवेत बसून कोण विचारतंय गाडी कोणाची. कायमचा बंदोबस्त झाला म्हणायचं.

आणि २०२२ मध्ये पगार थकले म्हणून कंत्राटी ड्रायव्हर थांबले. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये परत थांबले, घाटकोपर-मुलुंडपासून सुरू होऊन एकेक डेपो करत, आणि तोवर निम्म्याहून जास्त गाड्या त्यांच्याच हातात होत्या. मागणी काय तर पगार १८ हजाराचा २५ करा, आणि बेस्टच्या बसने फुकट प्रवास द्या. म्हणजे दिवसभर जी बस चालवायची तिनेच घरी जायला तिकीट काढायचं, हे त्यांना खटकत होतं म्हणे. माणसं किती हलकी कारणं काढतात बघा.

अशा संपात सुजाण प्रवाशाची खरी कसोटी लागते, कारण दाद मागायची कुठे? ड्रायव्हर म्हणणार कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणणार बेस्ट देते त्यात भागत नाही, बेस्ट म्हणणार ही माणसं आमची नाहीतच, महापालिका म्हणणार आम्ही बेस्टला पैसे दिलेत की, आणि महापालिकेत विचारायचं तर २०२२ पासून तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक. तुम्ही घाबरू नका. या सगळ्यांत खाकी घालून समोर दिसणारा एकच आहे, राग तिथेच काढा, सोपं पडतं.

संप मिटला की सगळं विसरून मुंबईच्या स्पिरिटबद्दल एखादी पोस्ट टाका. दहा-पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर असलेल्या गाड्या आता तीन हजारांच्याही खाली आल्या आणि बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या त्यात हजारही उरल्या नाहीत, तेव्हा अर्धा अर्धा तास बस येत नाही ते संपामुळे नव्हे, ते नेहमीचं. २०२५ च्या मे महिन्यात कमीत कमी भाड्याचे ५ चे १० झाले आणि एसीचे ६ चे १२. त्या दिवशी सगळे ड्रायव्हर कामावर हजर होते, त्यामुळे शिव्या कोणाला घालायच्या हा प्रश्नच आला नाही. सुट्टे पैसे तेवढे जवळ ठेवा.