तो बाण नेमका कुठून निघाला?

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या ऑनलाइन व्याख्यानात नेमका मोक्याचा क्षण आला, की शिक्षक फळ्याच्या आड येतात आणि आमच्याकडे पाठ करून म्हणतात, "हे तर उघडच आहे." काय उघड आहे? प्रोपीनवर (तीन कार्बनची साखळी, त्यात एक दुहेरी बंध) हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया होताना वक्र बाण दुहेरी बंधापासून हायड्रोजनकडे जातो की उलट, एवढेच तर मला पाहायचे होते; कारण तो बाण अणूंचा नव्हे, तर इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास दाखवतो, आणि त्याचे शेपूट चुकले की पुढचे सगळे मुसळ केरात. मी तीनदा व्हिडिओ मागे नेला आणि तिन्ही वेळा मला फक्त सदऱ्याची पाठ दिसली.

शेवटी कागदावर मीच मांडणी केली: हायड्रोजन जोडला गेल्यावर उरलेला धनभार मधल्या कार्बनवर आला तर द्वितीयक कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन; इथे तो कार्बन दोन कार्बनांना जोडलेला) तयार होतो, टोकाच्या कार्बनवर आला तर प्राथमिक (एकाच कार्बनाला जोडलेला), द्वितीयक अधिक स्थिर असल्यामुळे ब्रोमीन मधल्या कार्बनला जोडला जातो. रशियन रसायनशास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्हने हा नियम १८७० च्या सुमारास मांडला, हे मात्र व्याख्यानात सावकाश सांगितले गेले. (परीक्षेत साल कोण विचारतो?) शेजारचे मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) इलेक्ट्रॉन पुरवून तो धनभार सौम्य करतात, हे खरे कारण एका वाक्यात उरकले, आणि तेवढ्यात फळाही पुसला गेला. वर्गात निदान हात वर करून "थांबा" म्हणता येते. इथे फक्त दहा सेकंद मागे नेणारे बटण दाबता येते, आणि दहा सेकंदांपूर्वीही तीच पाठ असते.