पावावर १८ टक्के जीएसटी? माझाच मेसेज चुकीचा होता

रविवारी सांगलीतल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर 'पावावर आता १८ टक्के जीएसटी' हा मेसेज मीच पुढे ढकलला. तो आता मिरजेच्या नातेवाइकांकडून फिरून माझ्याकडेच आला. मेसेज चुकीचा आहे.

काल बेकरीतून लादी पाव, टोस्ट आणि केक आणला आणि बिल नीट वाचलं. पावापुढे कर शून्य, टोस्ट आणि केकपुढे ५ टक्के. मग दरांची अधिसूचनाही पाहिली. साध्या पाव-ब्रेडवर १ जुलै २०१७ पासून, म्हणजे जीएसटी आला तेव्हापासूनच, कर नाही. १८ टक्के होता तो केक, पेस्ट्री, बिस्किटांवर, आणि तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. पिझ्झा ब्रेडवरचे ५ टक्केही तेव्हाच गेले. टोस्ट आधीपासून ५ टक्क्यांतच आहे.

मग लादी महागते कशी? मैदा, इंधन, मजुरी, हे तर आहेच. शिवाय पाव करमुक्त असल्याने यीस्ट आणि पॅकिंगवर भरलेला जीएसटी बेकरीवाल्याला परत मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. (हे मलाही कालच कळलं.)

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.