शिकारखाना आणि लसणी शेव

आज सकाळी पावणेसातला मी सुदामानगरात भररस्त्यावर उकिडवा बसलो होतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात जुना पेपर, बगलेत पाण्याची बाटली आणि समोर आमच्या गुंड्यानं रात्रीपासून चौथ्यांदा केलेलं ते. उचलता येईल अशा स्थितीत ते नव्हतंच. पण हे इंदूर आहे. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या गावात कुत्रेवाल्याला ‘जाऊ दे’ म्हणून पुढं जाता येत नाही. वरच्या तीन गॅलऱ्यांतून तीन वहिनी बघत असतात.

हे सगळं कालच्या सफारी सूटवाल्या काकांमुळं.

गुंड्या देशी, नाल्याकाठून आलेला. मुलीनं पुण्याहून मला श्वानसंगोपनाच्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गात घातलं, मी पास झालो. बायकोनं ते प्रमाणपत्र गॅसच्या पुस्तकात खोचून ठेवलंय. झाली पार्श्वभूमी.

काल पोह्यांच्या ठेल्यापाशी उभा होतो. गुंड्या दोरी ताणून जिलबीच्या कढईकडं ओढत होता. मागून आवाज आला, “काय हो, तुम्ही त्याला फिरवताय की तो तुम्हाला?”

हा विनोद करणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटतं की तो जगात पहिल्यांदाच होतोय. मी हसलो. तिथंच चुकलं.

“दबवून ठेवा जरा,” काका म्हणाले. “आमचे आजोबा होळकरांच्या शिकारखान्यात होते.”

इंदुरात हे एक आहेच. मराठी घर असलं की एक आजोबा होळकरांकडं असतातच. कुणाचे खासगीत, कुणाचे पागेत, आणि आमच्या शेजाऱ्यांचे तर महाराजांना फक्त सल्ला द्यायला. एवढे सगळे आजोबा खरोखर चाकरीत असते तर राजवाड्यात महाराजांना उभं राहायला जागा उरली नसती. माझे आजोबा पोस्टात होते, त्यामुळं अशा ठिकाणी मी गप्प असतो.

“कुत्रा म्हणजे लांडगा,” काका सुरू झाले. “कळपात एक म्होरक्या. तुम्ही आधी जेवायचं, मग तो. दारातून आधी तुम्ही, मग तो. ऐकत नसेल तर उताणा पाडून धरायचा. आणि हुकूम हिंदीतच द्यायचा. मराठीत ‘बस बाळा’ म्हटल्यावर कोण ऐकणार?”

आठ आठवडे माझ्या पोटात होते, ते बाहेर आले. म्हटलं, “काका, ती म्होरक्याची गोष्ट 1947 सालची. शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञानं पाहिले ते पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले लांडगे. मीच नावाच्या अमेरिकन माणसानं 1970 च्या पुस्तकातून ती गोष्ट गावोगाव पोचवली आणि पुढं 1999 मध्ये त्यानंच लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि पोरं. म्होरकेपणासाठी मारामारी वगैरे काही नाही.”

“मीच म्हणजे तुम्ही?”

“नाही हो. मीच. आडनाव आहे त्यांचं.”

काकांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं. पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला. एक घास खाल्ला आणि म्हणाले, “अहो, पण लांडग्यांचं मला काय सांगताय? हा तर कुत्रा आहे!”

माझा पुढचा मुद्दा हाच होता. अगदी हाच. कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहिलाय, त्याला लांडग्याची मापं लावू नयेत. माझं वाक्य काकांनी माझ्याच तोंडावर मारलं आणि पोहेवाल्यानं मान डोलावली.

मग काकांनी सफारीच्या खिशात हात घातला आणि गरजले, “बैठ!”

गुंड्या बसला. ताठ, कान टवकारून, एनसीसीच्या पोरासारखा. आजूबाजूचे लोक चकित. ‘बस’ शिकवायला माझं दीड किलो पनीर गेलंय, आणि हात खिशात गेला की खाऊ मिळतो हे त्या कुत्र्याला मी शिकवलंय, हे कुणाला सांगू? काकांच्या खिशात लसणी शेवेची पुडी होती. तिचा वास मलाही येत होता. अख्ख्या शिकारखान्याची जरब त्या पुडीत होती. बक्षिसानं वागणं पक्कं होतं हा माझ्या वर्गातला पहिलाच धडा काकांनी स्वतः करून दाखवला आणि वर म्हणाले, “बघा, दरारा!”

आणि मी “नको, नको” म्हणेपर्यंत मूठभर शेव गुंड्याच्या पोटात.

इथं मला खरंच राग येतो. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मूठभर शेवेतल्या लसणानं जीव जात नाही, मान्य. पण तेल आणि तिखट रात्री अडीचला आपलं काम करतं, आणि त्या वेळी जिन्यातून कुत्रा घेऊन खाली उतरणारा माणूस काका नसतात. खायला घालणाऱ्याला भूतदयेचं पुण्य, निस्तरणाऱ्याला फिनेल. “एवढ्याशानं काय होतंय” असं म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी कधी दिसत नाही.

आज मात्र दिसले. मी उकिडवा असतानाच सफारीचे पाय समोर येऊन थांबले.

“अरेरे! रस्त्यावर? शिस्त नाही हो,” म्हणत त्यांनी गुंड्याकडं बोट रोखलं. “काय रे? लाज वाटते का?”

गुंड्यानं कान पाडले, नजर चोरली, शेपूट आत घेतली. “बघा, स्वतःची चूक कळतेय त्याला!”

न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी 2009 साली यावर प्रयोग छापलाय. कुत्र्याचा अपराधी चेहरा गुन्ह्यामुळं नसतो, ओरड्यामुळं असतो. उलट मनाई केलेल्या खाऊला तोंडही न लावता ओरडा खाल्लेली कुत्री जास्तच ओशाळवाणी दिसली. हे सगळं जिभेवर आलं होतं. पण गॅलरीत आता चार वहिनी होत्या, आणि माझ्या हातात ती पिशवी.

“सॉरी काका,” मी म्हणालो. माझीही मान खालीच होती.