तालातून अपूर्णांक

संगीताचा तास वेगळा कोपऱ्यात न ठेवता गणित-भाषेतही आणावा, हे एका लेखातलं म्हणणं अगदी पटलं. मी पाचवीला शिकवते. अर्धा-पाव फळ्यावर काढूनही डोक्यात शिरेना, तेव्हा मुलांना बाकावर झपताल धरायला लावला: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. १० मात्रा, म्हणजे तालाचे समान ठोके, २-३-२-३ अशा गटांत. मग दुगुन, म्हणजे दुप्पट वेग. एका मात्रेत दोन बोल बसले आणि एरवी गप्प असणारी एक मुलगी ओरडली, "बाई, अर्धी अर्धी मात्रा!" चौगुनीतला, म्हणजे चौपट वेगातला, पाव तिनेच सांगितला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेतून शिकवण्यावर भर आहे. पण त्या नावाखाली संगीत शिक्षकाची जागा रिकामी ठेवू नका. ताल मी धरेन, मुलांचा सूर घडवायला तेच हवेत.