कौलं मोजणारा प्लुटार्क

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या छपरासाठी मंगलोरी कौलं आली. टेम्पोतून उतरवताना मी शेजारी उभा राहून एकेक मोजून घेत होतो, फुटकी बाजूला काढत होतो. रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ थांबले. "मास्तर, उन्हात तुम्ही कशाला? एखाद्या पोराला सांगा की." मी नुसता हसलो. याचं उत्तर प्लुटार्कनं 1900 वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

हा ग्रीक लेखक आपल्यापर्यंत पोचतो तो सुविचारातून. 'मन हे भरायचं भांडं नव्हे, पेटवायचं सरपण आहे' हा त्याचा विचार अनेकदा सॉक्रेटिसच्या नावावर फिरतो. चुकीच्या नावापेक्षा मला जास्त लागतं ते हे, की पुढचा दाखला कुणी वाचतच नाही. शेजारी विस्तव आणायला गेलेला माणूस तिथली धगधगती चूल बघून तिथंच शेकत बसतो. दुसऱ्याची व्याख्यानं ऐकून समाधान मानणारा तसाच, असं तो म्हणतो. विस्तव घरी न्यायचा असतो! तीस वर्षं वर्गात उभा राहिलोय, मला हे आतपर्यंत पोचतं.

प्लुटार्क रोमला जाऊन आला, तिथं त्यानं व्याख्यानं दिली, डेल्फीला अपोलोच्या देवळात पुजारी होता. पण राहिला ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या खिरोनियात, आपल्या जन्मगावी. गाव छोटं आहे, ते आणखी छोटं होऊ नये म्हणून मी इथंच राहतो, असं त्यानं लिहून ठेवलंय. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला गेलीत त्यांनी हे वाक्य एकदा सावकाश वाचावं. मुलांना दोष देण्यासाठी म्हणत नाही मी. मागं राहणं म्हणजे हरणं नव्हे, एवढंच मला त्यात दिसतं.

तर, कौलं. गावच्या कामाची कौलं मोजली जाताना, चुना-दगड येताना हा विद्वान स्वतः हजर असायचा. बाहेरगावचे लोक हसायचे. त्यावर त्यानं अँटिस्थेनिसची गोष्ट सांगितली आहे. हा तत्त्वज्ञ बाजारातून खारवलेली मासळी स्वतःच घेऊन चालला होता. कुणी नवल केलं तेव्हा म्हणाला, "माझ्यासाठीच आहे ना." प्लुटार्क म्हणतो, माझं उलटं आहे. हे मी माझ्यासाठी करत नाही, गावासाठी करतो.

आणि त्यानंच सांगितलेली एपामिनोंडासची गोष्ट! इ. स. पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत बलाढ्य स्पार्टाचं कंबरडं मोडणारा, थीब्ज या ग्रीक नगराचा हा सेनापती. त्याचा पाणउतारा करायला थीब्जच्या लोकांनी त्याला गल्लीबोळातलं शेण आणि सांडपाणी काढून घेण्याच्या कामावर नेमलं. त्यानं ते मन लावून केलं. म्हणाला, पदावरून माणूस कळतो तसं माणसावरून पदही कळतं. त्यानंतर त्या पदाला मान आला.

आपल्याकडे अध्यक्षपदाला तीन-तीन उमेदवार असतात, पण गळक्या पन्हाळीखाली बादली ठेवायला कुणी येत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

कौलांमधली अकरा फुटकी निघाली. ती बदलून आणायला उद्या सकाळी जातोय. गवंडी नऊला येणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं, रीपांवर कौलं चढवायला हात लागतील.