गोड वास, मे महिना आणि चार फवारे

भाऊ, तुम्ही एवढं सविस्तर खडसावलंय की दोन ओळींत उत्तर उरकता येत नाही. ज्याँ पॉल गोतिए या फ्रेंच ब्रँडचा ‘ल माल’ हा पुरुषांचा गोड सेंट रोज ऑफिसला लावायला चालतो, असं मी लेखात लिहिलं. तुमचं म्हणणं, गोड वास बायकांचा, पुरुष मिठाईच्या दुकानातून उठून आल्यासारखा वाटतो. मे महिन्यात चार फवारे मारून निघालात, तर आपल्या नागपूरचा व्हरायटी चौक येईपर्यंत डोकं उठलं. यापेक्षा इतवारीतलं वाळ्याचं अत्तर बरं.

बायकांचा वास हे मला अजिबात पटलेलं नाही. आपल्याकडे कानात अत्तराचा फाया खोचून कोण फिरायचं? पुरुषच की! गुलाब, केवडा, मोगरा, हिना. लग्नात मांडवाच्या दारात मनगटाला अत्तर लावतात तेव्हा ‘गोड आहे, नको’ म्हणून हात मागे घेणारा काका मी तरी पाहिला नाही. तिकडे फ्रान्समध्येही तेच. पुरुषांच्या सेंटचं ‘फुजेर’ घराणं १८८२ च्या ‘फुजेर रॉयाल’पासून सुरू झालं. त्याचा कणा म्हणजे कुमारिन, टोंकाच्या बीमध्ये सापडणारं, वाळल्या गवताच्या आणि बदामाच्या वासाचं गोडसर द्रव्य. सलूनमध्ये दाढीनंतर येणारा तो लॅव्हेंडरचा ओळखीचा वास याच घराण्यातला. १९९५ साली फ्रान्सिस कुर्कजान या तरुणाने सलूनच्या त्याच लॅव्हेंडरवर व्हॅनिला सढळ हाताने ओतली आणि ‘ल माल’ झाला. पुढच्याच वर्षी मुग्लर या दुसऱ्या फ्रेंच ब्रँडचा ‘ए मेन’ आला, तो तर कॅरमेल आणि कॉफीचा. म्हणजे पुरुषांनी असं गोड लावायला लागून तीसेक वर्षं झाली, ही काही आजच्या पोरांची टूम नाही.

लावल्या लावल्या नाकाला पुदिना लागतो, मागोमाग वेलची. मग लॅव्हेंडर पसरतो. तासाभराने व्हॅनिला कातडीला धरून बसते आणि तिच्यात दालचिनीची बारीकशी धार राहते. नुसती गोडी असती तर मी रोजचा म्हणालोच नसतो.

उन्हाबद्दल तुमचं नाक खरं बोलतंय. फक्त दोष गोडीचा कमी आणि चार फवाऱ्यांचा जास्त. पारा पंचेचाळीसला टेकला की तापल्या अंगावरून हलकी द्रव्यं भराभर उडतात. पुदिना, वेलची चौकाआधीच संपतात आणि उरते एकटी जड व्हॅनिला, तीही चौपट. उन्हाळ्यात एकच फवारा, तोही शर्टाच्या आत छातीवर, असं लेखात आहे. चार कुठून आले बाप्पा? त्यात ऑफिसात कूलर असेल तर विचारूच नका, त्या ओल्या हवेत गोड वास जागचा हलत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, मीही ही बाटली बाहेर काढत नाही. दिवाळीनंतर सकाळी गाडीवर स्वेटर लागायला लागला की दोन फवारे खुशाल मारा.

वाळ्याशी माझं भांडण नाही, मे महिन्यात तोच लावा. पण दोघांना एका तागडीत घालू नका. अत्तर तेलात असतं, जुन्या पद्धतीने चंदनाच्या, म्हणून ते अंगाजवळ राहतं. सेंट अल्कोहोलात असतो, तो मेट्रोत चार हात लांबच्या माणसालाही कळतो. आणि विकत घेताना बोटावर चोळून बघा. खऱ्या वाळ्याला मातीचा, मुळांचा, किंचित धुरकट वास येतो. हिरव्या सरबताची आठवण झाली तर बाटली परत करा.

बाकी, बाटली स्कूटीच्या डिक्कीत असते आणि ‘आता पुदिना येतच नाही’, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. अहो, दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिक्की म्हणजे भट्टी! उष्णतेने आधी बिघडतात त्या वरच्या हलक्या द्रव्यांच्याच छटा. म्हणजे तुम्ही शिव्या घालताय तो सेंट अर्धाच उरलेला आहे. त्याच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवा, उजेडही लागत नाही. भाच्याला देऊन टाकणार म्हणता, तर नोव्हेंबरात दुकानातल्या टेस्टरचा एक फवारा मनगटावर घेऊन तासभर फिरा आणि मग ठरवा. तुमची बाटली मात्र पोराला देऊ नका, त्यात आता नुसती व्हॅनिलाच राहिली असणार.