युद्ध लिहायला बंदूक लागते का?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा, एक वाचनाच्या ग्रुपचा, दोन पाहुण्यारावळ्यांचे. खाली नेहमीसारखे हात जोडलेले आणि तिरंगे. मजकूर थोडक्यात असा: युद्धावर खरं लिहावं ते लढलेल्या माणसानंच. हेमिंग्वे, रेमार्क, टॉल्किन यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच उतरवलं. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतली अंगठी म्हणजे तर अणुबॉम्बच. मराठी लेखक उंबरा ओलांडत नाहीत, म्हणून मराठीत युद्धाची कादंबरी नाही. आणि शेवटी आम्हाला खास टोला: मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथल्या साहित्यिकांनाही फौजीचं काही पडलेलं नाही.

शेवटचा टोला थोडा लागतो. त्याच्याकडे येतोच. आधी बाकीचं.

हेमिंग्वेचं नाव घालताना मेसेजवाल्यानं तारखा बघितलेल्या दिसत नाहीत. 'अ फेअरवेल टू आर्म्स'मधला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे पहिल्या महायुद्धात कापोरेत्तोच्या पराभवानंतर इटालियन फौजेची माघार. पाऊस, चिखलात रुतलेल्या गाड्या, पुलाच्या तोंडाशी आपल्याच अधिकाऱ्यांना बाजूला काढून गोळ्या घालणारे लष्करी पोलीस. ही माघार ऑक्टोबर 1917 ची. त्या सुमाराला हेमिंग्वे अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या एका वर्तमानपत्रात बातमीदारीची उमेदवारी करत होता. रेडक्रॉसची ॲम्ब्युलन्स चालवायला तो इटलीत पोचला जून 1918 मध्ये, आणि 8 जुलैला जखमी होऊन इस्पितळात पडला. जखम त्याची स्वतःची होती, चिखल मात्र वाचलेला-ऐकलेला. वाचताना सांधा दिसत नाही, हे कसब लेखकाचं, शिपायाचं नव्हे. 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' लिहिणारा रेमार्कही आघाडीवर होता तो जेमतेम दीड-दोन महिने. आणि स्टीफन क्रेनचं काय करायचं? अमेरिकेचं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, हा जन्मला 1871 मध्ये, आणि त्या युद्धावरची त्याची 'द रेड बॅज ऑफ करेज' आजही शिकवली जाते.

आता अंगठी. हा मुद्दा मेसेजमध्ये ठळक अक्षरांत आहे, आणि सगळ्यात पोकळही तोच आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून आली 1954-55 मध्ये, म्हणून लोकांना हिरोशिमा आठवतं. पण लिहायला सुरुवात डिसेंबर 1937 ची. अंगठी नष्टच करावी लागेल, हे ज्यात उघड होतं ते प्रकरण सगळ्यात जुन्या भागांपैकी आहे, 1939 चं सावट पडायच्याही आधीचं, असं टॉल्किननं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतः लिहून ठेवलंय. वर त्यानं हेही म्हटलंय की ही कथा खऱ्या महायुद्धाप्रमाणे चालली असती, तर अंगठी कुणी नष्ट केली नसती. ती पकडून शत्रूवरच वापरली असती.

त्याचं युद्ध वेगळंच, आधीचं. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, तो फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होता. खंदकज्वरानं नोव्हेंबरात इंग्लंडला परत आला. एक जिवलग मित्र लढाईच्या पहिल्याच दिवशी, 1 जुलैला गेला, दुसरा डिसेंबरात. याचं कादंबरीत काय झालं? मृतांच्या दलदलीत पाण्याखालून वर बघणारे चेहरे आहेत ना, त्या प्रदेशावर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण आहे, असं त्यानं 1960 च्या एका पत्रात कबूल केलं. आणि लगेच पुढे जोडलं की जास्त ऋण विल्यम मॉरिसच्या कथांचं. मला हे फार आवडतं. प्रेतं त्यानं पाहिली होती. ती कुठे, कशी मांडायची हे तो जुन्या पुस्तकांतून शिकला होता.

'पाहिलं तेच उतरवलं' इतकं सोपं असतं, तर कर्ट व्हॉनेगटला एवढी वर्षं लागली नसती. फेब्रुवारी 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात जर्मनीतलं ड्रेस्डेन जळालं तेव्हा तो युद्धकैदी म्हणून तिथल्या कत्तलखान्याच्या तळघरात होता. त्यावरचं पुस्तक, 'स्लॉटरहाउस-फाइव्ह', आलं 1969 मध्ये, आणि तेही काळात मागेपुढे उड्या मारणारं, परग्रहवासी असलेलं.

मराठीत युद्धाची कादंबरी नाही, या वाक्याला एक शब्द पुरे: 'रणांगण'. विश्राम बेडेकर, 1939. बेडेकर शिपाई नव्हते, चित्रपटातले माणूस. कादंबरीत खंदक नाही, तोफ नाही. एक बोट आहे, जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत, हेर्टा आहे. नाव मात्र रणांगण. मेसेज लिहिणाऱ्यानं ती वाचली नसेल, किंवा वाचून बोटीवरची प्रेमकथा समजून ठेवून दिली असेल.

राहिला बेळगावचा टोला. यात तथ्य आहे. केंद्र इथं 1922 पासून. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूटच्या वेढ्यात अडकल्या, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लिहायला एवढा ऐवज दारात असताना आमच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत परिसंवाद मात्र ठरलेल्या विषयांवरच होतात. मीही त्यांतला एक, मांडवात बसून चहा पिणारा. पण 'फौजी बोलतो, लेखक ऐकत नाही' हे चित्र खोटं आहे. फौजी तसा बोलतच नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून येणारी हिंदुस्थानी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा, तेव्हा शिपाई घरी मिरीबद्दल लिहायचे: काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली.

आमच्या गल्लीत एक सुभेदार काका आहेत. एकाहत्तरला बांगलादेशच्या युद्धात जमालपूरला होते. मी वहीपेन घेऊन दोनदा गेलो. दोन्ही वेळा गोळीबाराचं अवाक्षर नाही. दुसऱ्या खेपेला काकूंनी चहा ठेवला, तेव्हा एवढंच म्हणाले, "डिसेंबर होता की. भात पिकून उभं होतं बघ. कापायला माणूस नाही, गावं रिकामी. आम्ही त्यातनंच चाललो रात्रभर. सकाळी बूट काढला तर आत दाणे. आमचा बा बघितला असता तर पाठ फोडला असता, उभं पीक तुडवलास म्हणून."

मग पाय पुढे करून अंगठा दाखवला, जणू दाणे अजून तिथंच रुतलेत.